स्पॉन्सरशिपचे पैसे कोण भरतो, एवढं आधी विचारा

संपादक महाशय,

आपल्या या पानावर मी आजवर कबरस्तानाच्या कुंपणाबद्दल लिहिलं, नाताळच्या गायनफेरीच्या वेळेबद्दल लिहिलं. आज लिहितो आहे ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल. वाचकांनी ती पुन्हा करू नये, एवढाच हेतू आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीचा सचिव होतो. उपासनेनंतर सूचना वाचायचं काम माझ्याकडे असे. एका रविवारी बाहेरगावचे एक गृहस्थ आले. ते आमच्यातल्याच एका कुटुंबाच्या ओळखीचे होते, बोलणं गोड, हातात फाईल. त्यांनी एक कागद दिला : ‘अमेरिकेत दातांच्या दवाखान्यात नोकरी. डेंटल असिस्टंट, रिसेप्शन, ऑफिस काम. प्रोफेशनल व्हिसा, स्पॉन्सरशिपसह. इच्छुकांनी हॉलमध्ये भेटावे.’ मी तो कागद वाचून दाखवला. वर पदरचं एक वाक्यही जोडलं, ‘तरुण मुलामुलींना चांगली संधी आहे.’ माझ्याकडून झालं ते एवढंच, पण तेवढं पुरलं.

आमच्या मंडळीतली एक मुलगी, वय सव्वीस, बारावीनंतर बेळगावातल्याच एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली होती. सकाळी दवाखाना उघडायचा, हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये लावायची, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून सक्शन धरायचं, रडणाऱ्या पोरांचे हात धरायचे, अपॉइंटमेंटची वही सांभाळायची, संध्याकाळी हिशेब लिहायचा. सात वर्षं हे केल्यावर पगार अकरा हजार. तिला ती सूचना म्हणजे प्रार्थनेचं उत्तर वाटलं, यात नवल काय?

तिच्याकडून चार लाख साठ हजार रुपये घेतले गेले, तेही एकदम नाही. आधी ‘नोंदणी’चे, मग ‘स्पॉन्सर शुल्क’, मग ‘वकिलाची फी’, मग ‘लवकर तारीख मिळावी म्हणून’. आईने पाटल्या तारण ठेवल्या, पतसंस्थेचं कर्ज काढलं. हातात आलं ते एक ऑफर लेटर. त्यावर दवाखान्याचं नाव, पत्ता, डॉक्टरांची सही. शेवटी माझ्या एका परिचिताने अमेरिकेतल्या आपल्या भाच्याकरवी त्या पत्त्यावर फोन लावला. दवाखाना खरा होता, डॉक्टरही खरे होते. त्यांनी या मुलीचं नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि भारतातून माणूस मागवायचा विचारही कधी केला नव्हता. तोवर त्या गृहस्थांचा फोन बंद झाला होता.

मुलगी आज त्याच दवाखान्यात काम करते. पगारातला मोठा भाग हप्त्यात जातो. तिची आई आजही दर रविवारी मला ‘भाऊ, सलाम’ म्हणते. मुलीने मात्र मला एकदाच विचारलं, ‘अंकल, सूचना तुम्हीच वाचली होती ना?’ त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. आज इथे लिहितो आहे.

मी स्वतः एकतीस वर्षं डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. या धंद्यातली माणसं, कामं, पगार, सगळं मला ठाऊक. मला तर शंका यायला हवी होती. ती आली नाही, कारण ‘स्पॉन्सरशिप’ हा शब्द मी कधी नीट समजूनच घेतला नव्हता. त्या प्रकारानंतर मी बसून वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते साध्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट. स्पॉन्सर म्हणजे मालक. परदेशातला मालक आपल्या सरकारला सांगतो, ‘मला हा माणूस हवा आहे, त्याला मी ठरलेला पगार देईन, त्याची जबाबदारी माझी.’ त्यासाठीचे अर्ज मालक करतो, आणि त्यातला मोठा खर्चही मालकानेच करायचा असतो. अमेरिकेत कायमच्या नोकरीसाठी जे लेबर सर्टिफिकेशन लागतं, त्याचा आणि त्यासाठीच्या मालकाच्या वकिलाचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, असा तिथल्या कामगार खात्याचा नियम आहे. कॅनडात परदेशी कामगार मागवण्यासाठी मालकाला जे एलएमआयए घ्यावं लागतं, त्याची १,००० डॉलर फी मालकाची; ती कामगाराच्या माथी मारता येत नाही. इंग्लंडात स्पॉन्सर मालकाला भरावा लागणारा स्किल्स चार्ज कामगाराकडून घेणं नियमाविरुद्ध आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगारावर टाकायला मनाई आहे. देश वेगवेगळे, पण रीत एकच. तेव्हा कुणी ‘स्पॉन्सरशिपचे एवढे पडतील’ म्हणालं, की तिथेच ओळखावं. विकत मिळते ती स्पॉन्सरशिप नव्हे.

खर्च काहीच नसतो असं नाही. पासपोर्ट, परीक्षा, कागदांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, दूतावासाची व्हिसा फी हे उमेदवाराला भरावं लागू शकतं. पण ते पैसे त्या-त्या अधिकृत ठिकाणी, आपल्या नावाने, पावती घेऊन भरायचे असतात. हॉलच्या कोपऱ्यात पाकिटात घालून द्यायचे नसतात.

दुसरी गोष्ट ‘प्रोफेशनल व्हिसा’ची. अमेरिकेचा ज्याचा सगळीकडे बोलबाला आहे तो एच-१बी. तो अशाच कामाला मिळतो, ज्या कामाला त्या विषयातली निदान पदवी लागते. वर्षाला असे ६५,००० व्हिसा, शिवाय अमेरिकेतून मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी २०,०००. दंतवैद्याचं काम यात बसतं. डेंटल असिस्टंटचं बसत नाही, कारण त्या कामाला तिथे पदवी लागतच नाही. प्रमाणपत्र घेऊन किंवा काम करता करता शिकून तिथल्या मुली ते करतात. रिसेप्शनचंही तेच. दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टला प्रत्येक राज्याचा परवाना लागतो, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी तिथलाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केलेला असावा लागतो. त्यात भर म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करणाऱ्या मालकाने १,००,००० डॉलर भरावेत. रुपयांत ही रक्कम ऐंशी लाखांच्या वर जाते. आता सांगा, सक्शन धरायला माणूस हवा म्हणून कोणता दंतवैद्य एवढे पैसे मोजेल? आपल्या गावातला डॉक्टर पाचशे रुपये पगारवाढ द्यायला दोनदा विचार करतो. माणसाचा स्वभाव समुद्रापलीकडे गेला म्हणून बदलत नाही.

कुणी म्हणेल, एच-१बी नाही तर ग्रीन कार्डाचा रस्ता आहे. आहे. ईबी-३ नावाच्या वर्गात कमी शिक्षणाच्या कामालाही जागा आहे. पण भारतात जन्मलेल्यांची तिथली रांग दहा वर्षांहून अधिक लांब आहे. २०२५ साली ज्यांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २०१३ सालचे होते. दहा-बारा वर्षं वाट बघत खुर्ची रिकामी ठेवणारा दवाखाना मी तरी पाहिलेला नाही. ‘सहा महिन्यांत नेतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

इंग्लंडातही दार अरुंद झालं आहे. आपल्याकडच्या असिस्टंटला तिथे डेंटल नर्स म्हणतात, आणि तिला जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी लागते. २२ जुलै २०२५ पासून तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी बाहेरून नव्याने येणाऱ्याचं काम साधारणपणे पदवीच्या पातळीचं असावं लागतं. डेंटल नर्सचं काम त्या पातळीखाली धरलं जातं. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करसाठीही त्याच दिवशी बाहेरची भरती बंद झाली. तरीही बाजारात ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ म्हणून शिक्के मारलेले रंगीत कागद फिरतात. लक्षात ठेवा, ते सर्टिफिकेट कागदाचं नसतंच. ती संगणकावरची नोंद असते आणि तिचा एक क्रमांक असतो. स्पॉन्सर होण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट बघता येते.

यावर आमच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारलं, ‘मग आपल्या एवढ्या पोरी परदेशात गेल्या त्या कशा?’ प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळही तिथेच आहे. आपल्या समाजात नर्सिंगची परंपरा मोठी. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलसारख्या मिशन इस्पितळांनी पिढ्यान् पिढ्या नर्सेस घडवल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत गेल्या. नर्सला अमेरिकेत खास सवलत आहे. तिथल्या कामगार खात्याच्या ‘शेड्यूल ए’ यादीत नर्सचं काम आहे, त्यामुळे तिच्यासाठी मालकाला लेबर सर्टिफिकेशनची पायरी चढावी लागत नाही. ती एनक्लेक्स परीक्षा देते, आणि कित्येक इस्पितळं खर्च करून तिला नेतात. आपण हे पाहिलं आणि समजून बसलो, की पांढरा कोट घालून दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकीला तोच रस्ता उघडा आहे. तसं नाही. नर्सचा रस्ता नर्सचा. असिस्टंट त्या यादीत नाही.

आणि दंतवैद्य? बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी बीडीएस होऊन मुलं बाहेर पडतात. त्यांच्यासाठी रस्ता आहे, पण तो चढणीचा. अमेरिकेत आयएनबीडीई ही परीक्षा, आणि बहुतेक राज्यांत त्यानंतर तिथल्या डेंटल स्कूलमध्ये दोन-तीन वर्षं पुन्हा शिक्षण. त्याचा खर्च अनेकदा कोटीच्या पलीकडे जातो. मग राज्याचा परवाना, मग नोकरी, मग स्पॉन्सर. इंग्लंडात ओआरई ही दोन भागांची परीक्षा. कॅनडात राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाच्या परीक्षा, एकामागून एक. जो गेला तो या पायऱ्या चढून गेला. ‘परवाना नंतर बघू, आधी व्हिसा’ असं म्हणणाऱ्याच्या नादी बीडीएस झालेल्यांनीही लागू नये.

मग आपल्या मुलींनी स्वप्नंच बघू नयेत का? असं मी म्हणणार नाही. अकरा हजारांत घर चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. असिस्टंट आणि हायजिनिस्टसाठी त्यातल्या त्यात जवळचा रस्ता आखाताचा आहे. पण तिथेही नुसत्या अनुभवावर भागत नाही. दुबईत डीएचए, अबूधाबीत आरोग्य विभाग, बाकीच्या अमिरातींत आरोग्य मंत्रालय. आरोग्यसेवेत काम करायचं तर यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. डेटाफ्लो म्हणून एक पडताळणी असते. त्यात तुमचं प्रमाणपत्र ज्या संस्थेचं, तिलाच थेट विचारतात की हे खरं का. तुम्ही कुठे काम केलं, तिथेही विचारतात. सात वर्षं काम केलं पण नेमणुकीचं पत्र नाही, पगार हातात रोख, पगारपत्रक नाही, तर ती सात वर्षं कागदावर शून्य. आमच्या त्या मुलीचं हेच झालं. ती कामात कुणालाही हार जाणार नाही, पण दाखवायला तिच्याकडे एक कागद नाही.

म्हणून आधी इथे उभं राहा, असं माझं सांगणं आहे. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याबरोबर हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्याही नोंदणीची सोय केली. दोन्हींचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तो कोर्स करून राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नाव नोंदवलेली मुलगी इथेही चार पैसे जास्त मागू शकते, आणि बाहेरही तिच्या कागदाला विचारणारा असतो. एजंटाला जे चार लाख साठ हजार गेले, त्यात हे शिक्षण बसलं असतं की नाही, याचा हिशेब आईबापांनीच करावा. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्च मोजावा, हा दाखला आपण शब्बाथ शाळेत पोरांना शिकवतो. घरी मात्र विसरतो.

जे दवाखाने चालवतात त्यांनाही दोन शब्द. यांत आपले डॉक्टर आहेत, आपले शेजारी आहेत. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला नेमणुकीचं पत्र द्या, पगार बँकेत द्या, सोडून जाताना अनुभवाचा दाखला द्या. तुम्हाला यात एक रुपया खर्च नाही. तिच्या मात्र उभ्या आयुष्याला उपयोगी आहे.

आता एजंटाबद्दल. परदेशी नोकरी लावून देण्याचा धंदा करायचा तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची नावं ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहेत. परवाना चालू आहे की संपला, तेही तिथे दिसतं. अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. ‘व्हिसा कन्सल्टंट’ अशी पाटी म्हणजे ती नोंदणी नव्हे. आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असं कुणी म्हणालं, तर उठून चालू लागा. व्हिजिट व्हिसावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे. पकडला जातो तो कामगार, एजंट इथे सुखरूप असतो.

मंडळीच्या कार्यकारिणींना माझी हात जोडून विनंती आहे. परदेशी नोकरीची कोणतीही सूचना व्यासपीठावरून वाचण्याआधी चार गोष्टी लेखी मागा : एजंटाचा ई-मायग्रेट नोंदणी क्रमांक, मालकाचं नाव आणि पत्ता, कामाचं नेमकं पद, आणि व्हिसाचा प्रकार. कमिटीतल्या कुणीतरी त्या स्वतः तपासाव्यात. मालकाला परस्पर फोन करावा, आणि तो नंबर एजंटाने दिलेला नसावा. हे झाल्याशिवाय सूचना वाचू नये, फलकावर लावू नये, हॉलही देऊ नये. पाळकसाहेबांच्या भिडेला पडू नये, आणि पाळकसाहेबांनी कुणाच्या भिडेला पडू नये. व्यासपीठावरून जे वाचलं जातं, ते लोकांना खरंच वाटतं. त्या दिवशी त्या गृहस्थांनी माझ्या आवाजाचा, माझ्या तीस वर्षांच्या ओळखीचा उपयोग करून घेतला. मी तो फुकट दिला.

आणि ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांना सांगतो, गप्प बसू नका. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरात रडतात आणि बाहेर ‘व्हिसा येतोय’ असं सांगतात. तेवढ्यात तोच माणूस पुढच्या मंडळीत फाईल घेऊन बसलेला असतो. पोलिसांत लेखी तक्रार द्या. बेंगळुरूला उत्प्रवासी संरक्षकाचं, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे लिहा. बँकेतून गेलेल्या पैशांच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे संदेश, ऑफर लेटर, काही पुसू नका, काही फाडू नका. आमच्या त्या मुलीने शेवटी तक्रार दिली. सोबत मी गेलो होतो. सूचना मीच वाचली, हे माझ्या जबाबात मी लिहून दिलं आहे. पैसे परत मिळतील की नाही, देव जाणे. पण त्या माणसाचं नाव आता कुठेतरी कागदावर आहे.

सचिवपद मी सोडलं. तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मी हॉलमध्ये तासभर बसतो. ज्यांच्याकडे परदेशी नोकरीचा कागद आला असेल त्यांनी तो घेऊन यावं. ख्रिस्ती असोत, शेजारचे कुणी असोत, सगळ्यांनी यावं. मी वकील नाही, पण यादीत नाव आहे की नाही एवढं बघता येतं आणि एक फोन लावता येतो. मागच्या खेपेला तिघे आले होते. एकाचा कागद खरा निघाला, आखातातल्या दवाखान्याचा. त्या पोराला मी आनंदाने पेढा दिला. दोघांचे खोटे होते. त्यांनी अजून पैसे भरले नव्हते.

आपला,
मंडळीचा एक माजी सचिव
कॅम्प, बेळगाव